घोळ खुडताना एकदा देठ मोडून बघा

राम राम मंडळी. मृगाचा पाऊस पडून गेला की सोयाबीनच्या तासात पिकाआधी काय हिरवं होतं सांगा? घोळ, ही रानभाजी! आपण ती खुरपून धुऱ्यावर फेकतो आणि सांजच्याला बाजारात पैसे मोजून मेथीची जुडी आणतो, आता याला काय म्हणावं.

तर घोळ ओळखायची कशी. जमिनीला चिकटून पसरते, देठ गुळगुळीत, लालसर, बोटात दाबला की पाणी सुटतं. पान जाड, चमच्यासारखं, टोकाला गोल. फूल पिवळं, बारकं, तेही सकाळच्या उन्हात जरा वेळ उमलतं न मिटतं. बारीक पानाची ती चिवळ, तिची बहीणच समजा, तीबी खातात.

पण तिच्याच शेजारी दुधी नावाचं तण (भोपळा नव्हे) पसरलेलं असतं, आणि घोटाळा इथंच होतो. मी स्वतः लहानपणी ओंजळभर दुधी घोळीत मिसळून घरी आणली होती, मायनं सगळं सूप अंगणात पालथं केलं, म्हणली आधी देठ मोडून बघ अन् मग आण. देठ मोडला न पांढरा चीक आला की ती घोळ नाही, विषय संपला. तो चीक डोळ्यात गेला तर आग होते, म्हणून हातबी धुवायचे. दुधीचं पान पातळ असतं, एका जातीला तर लव असते. तरी शंका आली तर फेकून द्या, एका भाजीपायी कुठं रिस्क घेता.

दुसरं म्हणजे जागा. तणनाशक मारलेल्या रानातली नको, नालीकाठची तर नकोच. शेजाऱ्यानं फवारा मारला असंल तर वाऱ्यानं आपल्या बांधावर पण येतो, त्याला विचारून घ्या, लाजायचं काय त्यात.

घोळीत ऑक्झलेट, म्हणजे मुतखडा धरायला लावणारा क्षार, भरपूर असतं, आंबटपणा थोडा त्याचाच. मुतखडा किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय खाऊ नये. बाकीच्यांनी पण पहिल्यांदा थोडीच खावी. चार पाण्यानं धुवा, माती लई असते, मग उकळून ते पाणी टाकून द्या, ऑक्झलेट बरंच कमी होतं. वरून लसणाची फोडणी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, जवारीची गरम भाकर.

आणि हो, निवडून उरलेले देठ ओल्या जागी टाकू नका, ते परत मुळं धरतात, मग पुढच्या खुरपणीला माझ्या नावानं बोटं मोडाल.