पेठ श्रीमंत झाली, पण कोण?

सदाशिव, नारायण, शनिवार या पेठा श्रीमंत झाल्या असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. 'आपली पेठ आपण मोजा' हा आजच्या व्याख्यानाचा विषय, आणि माझा प्रश्न साधा आहे. तिथे जी माणसं राहत होती त्यांची मिळकत वाढली, की ती उठून गेली आणि जास्त मिळकतीची माणसं आली? सरासरी काढली की या दोन्हींचा आकडा एकच येतो.

एक वाडा धरा. दहा बिऱ्हाडं, प्रत्येकी महिना ३० हजार मिळकत. पुनर्विकास झाला, चार बिऱ्हाडं गेली, सहा राहिली आणि दीड लाखवाली पाच नवी आली. सरासरी ३० हजारांवरून ८४ हजारांच्या पुढे गेली. पगार एकाचाही वाढला नाही! अकरा मिळकती चढत्या क्रमाने मांडून मधली बघा, ती अजून ३० हजारच आहे. पण आणखी दोघांनी घर विकलं आणि त्यांच्या जागी तसेच दोन आले, तर मधली मिळकतही एकदम दीड लाखावर जाते. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका.

आता ती चार बिऱ्हाडं का गेली? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. नवा कायदा २००० साली लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ. ४० रुपये भाड्यावर ४ टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. तेवढ्यात मालक कौलं कशी चाळणार, वासे कसे बदलणार? वाडा खचतो, बिल्डर येतो. भाडेकरूला नवी जागा मिळते, पण तिच्यासोबत लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, वॉचमन यांचा मेंटेनन्सही येतो. तो जुन्या भाड्याच्या कितीतरी पट असतो. बांधकाम रखडलं आणि बिल्डरने पर्यायी जागेचं भाडं थांबवलं, की माणूस हक्क विकून शहराच्या कडेला, धायरीला नाहीतर नऱ्ह्याला घर घेतो. पोटभाडेकरूचं नाव तर कागदावरच नसतं, त्याला काहीच मिळत नाही.

हे मोजायला गेलं की प्रभाग आडवे येतात, आणि याबद्दल मला मनापासून तक्रार करायची आहे. पुणे महापालिकेचे २०१२ साली दोन-दोन नगरसेवकांचे ७६ प्रभाग होते, २०१७ साली ४१ झाले, त्यातले बहुतेक चार-चार नगरसेवकांचे. हद्दी प्रत्येक वेळी नव्याने आखल्या. मग 'प्रभागात लोकसंख्या घटली' या वाक्याला अर्थ काय उरतो? एक गल्ली इकडून तिकडे गेली की शेकडो माणसं कागदावर स्थलांतरित होतात, प्रत्यक्षात कुणी पेटीसुद्धा हलवलेली नसते. जनगणनेकडे जावं तर ती मिळकत विचारतच नाही. खोल्या किती, दुचाकी आहे का, मोटार आहे का, एवढं विचारते. आणि तीही २०११ नंतर लांबली.

दहाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे. पेठ मोजायची कशी हे अजून सांगायचं आहे, तेव्हा भराभर सांगतो.

प्रभाग सोडा, सिटी सर्व्हे नंबर धरा, म्हणजे भूमापनात प्रत्येक जागेला दिलेला क्रमांक. नगरसेवक बदलले तरी तो बदलत नाही. जागा जोडल्या किंवा तोडल्या असतील, तर मिळकत पत्रिकेवर, म्हणजे त्या जागेच्या प्रॉपर्टी कार्डावर, नोंद सापडते. त्या नंबरची जुनी आणि नवी मतदार यादी शेजारी ठेवा. नावं आणि वयं दोन्ही मिळतात, म्हातारे किती उरले ते लगेच कळतं. घरपट्टीत मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत असते. सवलत नसलेली घरं बहुधा भाड्याने दिलेली, पण मालक स्वतः राहतो हे कळवणारा पीटी-३ अर्ज न भरल्यामुळेही सवलत जाते. तेव्हा दार वाजवून खात्री करा.

कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती खाट भाड्याने घेऊन राहणारी स्पर्धा परीक्षेची मुलं यातल्या कुठल्याच यादीत बहुधा सापडत नाहीत. एका खोलीत चार कॉट म्हणजे चार माणसं, आणि मिळकत घरून येणारे पैसे. त्यांना वेगळं मोजा, नाहीतर तीच खोली 'एक कुटुंब' म्हणून धरली जाते.

प्रत्येक नंबरला एक कागद, त्यावर तीन रकाने: राहिले, गेले, आले. सुरुवात 'गेले'पासून करा. गेलेल्यांचा पत्ता फक्त जुन्या शेजाऱ्यांना ठाऊक असतो, आणि ते शेजारी आता सत्तरीच्या पुढे आहेत.