सोळा मिलिमीटरला एक फूट : बागेतल्या रेल्वेचं स्टेशन

[दृश्य : पत्र्याच्या छोट्या छपरावर पावसाचा थेंब फुटतो. संथ गती.]

पावसाचा टपोरा थेंब चार मिलिमीटरचा असतो. बागेत मांडलेल्या छोट्या रेल्वेच्या १:१९ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या एकोणिसाव्या हिश्शाच्या, छपरावर तो पडतो, तेव्हा त्या छपराच्या हिशेबाने वरून क्रिकेटचा लेदर बॉल आलेला असतो. इंजिन लहान करता येतं. डबे, रूळ, स्टेशनमास्तर, त्याची खुर्चीसुद्धा. पाऊस, ऊन आणि वाळवी यांना मात्र कुठलंच माप लावता येत नाही. घरातल्या टेबलावर चालणारी पुठ्ठा आणि एमडीएफची विद्या बागेत पहिल्याच जूनमध्ये संपते. एमडीएफ पाणी पिऊन फुगतो, पुठ्ठ्याचा लगदा होतो. बागेतली इमारत उभी करायची ती गवंड्याच्या पद्धतीने : जोतं, भिंत, वळचण, पाण्याला वाट.

आधी माप. बागेतल्या रेल्वेत रुळांमधलं अंतर मुख्यतः दोन प्रकारचं. एक ४५ मिलिमीटर; जर्मनीच्या लेमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी या नावाने गाड्या आणल्या आणि हे माप जगभर पसरलं. दुसरं ३२ मिलिमीटर. ते ब्रिटनमध्ये रुजलं, कारण वेल्सच्या डोंगरात स्लेटचा दगड वाहणाऱ्या दोन फुटी गाड्या तिथल्या हौशी लोकांना बागेत हव्या होत्या. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. भागिले ३२, उत्तर १९.

आपली नेरळ-माथेरान गाडीही दोन फुटीच. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ती बांधली, १९०७ मध्ये ती सुरू झाली. त्यामुळे वेल्ससाठी बनलेला ३२ मिलिमीटरचा रूळ माथेरानच्या गाडीला तंतोतंत लागू पडतो. हिशेबही सोपा : एका फुटाला सोळा मिलिमीटर. गणकयंत्र लागत नाही, साधी फूटपट्टी पुरते.

इथे बांधतोय ते घाटातलं एक लहान स्टेशन. माथेरानच्या वाटेवरच्या जुम्मापट्टी किंवा वॉटर पाइप या स्टेशनांची हुबेहूब नक्कल नाही, त्या जातीचं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, मागे पत्र्याची शेड. चोवीस बाय बारा फुटांची खोली म्हणजे ३८४ बाय १९२ मिलिमीटर. भिंत दहा फूट, म्हणजे १६०. सात फुटी दार ११२. साडेपाच फुटी माणूस ८८.

माणसाचं माप इथेच सांगायचं कारण आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या बाहुल्या बहुतेक १:२२.५ च्या असतात, पंच्याहत्तर मिलिमीटरच्या आसपास. या दारात उभ्या केल्या की स्टेशनमास्तर शाळकरी पोरगा दिसतो. आधी बाहुली आणि डबा हातात घ्यावा, मग दार कापावं. उलट केलं की पुढे सगळंच विसंगत वाटत राहतं आणि चूक नेमकी कुठे आहे ते सापडत नाही.

[दृश्य : जमीन खणून, खडी ठोकून तयार केलेला चौकोन.]

जोतं. १०० मिलिमीटर खणायचं, त्यात ७५ मिलिमीटर खडी ठोकून बसवायची, वर ५० मिलिमीटर काँक्रीट. सिमेंट, वाळू, खडी यांचं प्रमाण १:२:४. मध्ये कोंबडजाळीचा एक थर. काँक्रीट मातीपासून पंचवीस मिलिमीटर वर राहिलं पाहिजे. बहुतेकजण हमखास चुकतात ते पुढच्या पायरीला. काँक्रीटचा चौकोन इमारतीपेक्षा मोठा ठेवतात, कारण तो छान दिसतो. मग भिंतीवरून ओघळलेलं पाणी त्या कडेवर थांबतं आणि भिंतीखालून आत शिरतं. जोतं इमारतीपेक्षा चारी बाजूंनी पाच मिलिमीटर लहान ठेवायचं आणि भिंतीची खालची कड दहा मिलिमीटर खाली उतरवायची. पाणी सरळ जमिनीवर ठिबकतं.

आणि भोवती शंभर मिलिमीटर रुंद खडीचा पट्टा. शोभेसाठी नाही. उघड्या मातीवर पडलेला थेंब लाल चिखल फूटभर सहज उडवतो. खऱ्या घराच्या भिंतीला तो पायापाशी पट्टा उमटवतो. आपली अख्खी भिंतच अर्धा फूट उंच आहे. एका पावसात स्टेशन कौलांपर्यंत चिखलाने रंगतं.

भिंतींसाठी साहित्याचा वाद कायम चालू असतो. सनबोर्ड, म्हणजे पीव्हीसीच्या फोमचा बोर्ड, हलका, कटरने कापला जातो, पाण्याने फुगत नाही. सगळं खरं. पण ४० अंशांच्या फरकाला चारशे मिलिमीटरची पीव्हीसीची पट्टी एक मिलिमीटरभर वाढते. पहाटे आणि भर दुपारी, मे महिन्यात रोज. तिच्यावर चढवलेला सिमेंटचा थर आठवडाभरात कोपऱ्यातून तडकतो. सिमेंट बोर्ड त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी हलतो. जड आहे, कापताना त्रास देतो, तरी भिंतीला तोच घ्यावा. आठ मिलिमीटर जाडीचा. मरीन प्लाय चालतो असं म्हणतात. चालतो, जोवर प्रत्येक कापलेली कड इपॉक्सीने बंद आहे तोवर. एक कड राहिली की थर सुटायला लागतात.

थ्रीडी प्रिंटचं एका वाक्यात : पीएलए हे नेहमीचं छपाईचं प्लास्टिक साठ अंशांना मऊ पडतं आणि गडद रंगाचं छप्पर उन्हाळ्यात तिथवर सहज पोचतं, तेव्हा छापायचंच असेल तर एएसए नावाचं प्लास्टिक.

बोर्ड कापताना तोंडाला धूळरोधक मास्क हवाच. त्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात जाते. खिडक्या-दारं भिंती जोडण्याआधी कापून घ्यायची. कोपऱ्यात आतून बारा मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा कोन, इपॉक्सी आणि स्टेनलेसचे स्क्रू. साधा लोखंडी खिळा आतल्या बाजूला असला तरी वर्षभरात बाहेर तपकिरी ओघळ दाखवतो.

[दृश्य : जवळून. ओल्या गिलाव्यावर टोकदार खिळा फिरतो, कड भुरभुरते.]

आता चिरा. खरा चिरा साधारण चौदा बाय नऊ बाय सात इंच. आपल्या मापात दर्शनी बाजू १९ बाय ९ मिलिमीटर. एकेक तुकडा चिकटवायचा नाही. गिलावा थापायचा आणि तो ओला असताना त्यात चिरे कोरायचे.

गिलाव्याचं प्रमाण : एक भाग सिमेंट, दोन भाग बारीक चाळलेली वाळू. पाण्याऐवजी तीन भाग पाण्यात एक भाग एसबीआर लेटेक्स, म्हणजे सिमेंटमध्ये मिसळायचं रबराचं द्रावण. जांभ्याच्या रंगासाठी लाल ऑक्साइड, त्यात चिमूटभर पिवळा, दोन्ही मिळून सिमेंटच्या वजनाच्या पाच ते आठ टक्के. दहाच्या वर गेलात की रंग फारसा गडद होत नाही आणि मजबुती मात्र घटते. बोर्ड आधी ओला करून घ्यायचा, लेटेक्सची पातळ स्लरी ब्रशने लावायची आणि ती चिकट असतानाच चार मिलिमीटरचा थर थापीने ओढायचा. स्लरी सुकली तर उलटा परिणाम होतो. गिलावा तिच्यावरून पापुद्र्यासारखा निघतो.

मग थांबायचं. बोट टेकवलं तर ठसा उमटतो पण बोटाला काही लागत नाही, ती वेळ. पुण्याच्या डिसेंबरात तीन-चार तास, मे महिन्यात दीड-दोन. लवकर कोरलं तर खिळ्यामागे चिखल ओढला जातो, उशीर झाला तर कपच्या उडतात. आधी पट्टी धरून आडव्या रेघा, दर साडेनऊ मिलिमीटरला. उभ्या रेघा हाताने, प्रत्येक ओळीत सांधा मोड घेऊन. उभ्याला पट्टी लावू नका, भिंत छापील दिसते. जांभा सच्छिद्र असतो, म्हणून दात घासायचा जुना ब्रश उभा धरून मधूनमधून ठोकायचा. भोकं सगळ्या चिऱ्यांना नकोत, चारातल्या एकाला पुरतात. शेवटी सुक्या ब्रशने भुगा झाडायचा. दर्जांमध्ये, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांत, अडकलेला भुगा तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी तो दगड झालेला असतो.

ओलं गोणपाट टाकून सात दिवस पाणी. काही ठिकाणी पांढरी पूड वर येते. तो सिमेंटमधला चुना. घाबरून रंग फासू नये. घासून झटकायची, पुन्हा आली तर पुन्हा झटकायची. दारं-खिडक्या सोडून कुठेही ॲक्रिलिक रंग द्यायचाच असेल तर अठ्ठावीस दिवसांनंतर. ताज्या सिमेंटचा क्षार रंग उडवतो.

खिडकीला खरी काच लावा, फोटोफ्रेमवाल्याकडची दोन मिलिमीटरची. साधं पॉलिकार्बोनेट उन्हाने पिवळं पडतं. आणि भिंतीत खालच्या बाजूला, मागे, पाच-पाच मिलिमीटरची चार भोकं ठेवायची. आत कोंडलेली वाफ बाहेर पडली नाही तर काचेवर आतून शेवाळ धरतं.

[दृश्य : सिलिकॉनच्या साच्यातून कौलांची पट्टी निघते.]

छप्पर दोन थरांचं. खाली सहा मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड, उतार तीस अंश, वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात. पाणी अडवायचं काम इथेच संपलं पाहिजे. वरची कौलं दिसण्यासाठी आहेत, त्यांच्यावर भिस्त ठेवली की गळती ठरलेली.

मंगलोरी कौल सोळा बाय सव्वानऊ इंच. एकावर एक बसल्यावर दिसतं तेवढं आपल्या मापात १७ बाय साडेदहा मिलिमीटर. या छपराच्या एका उतारावर चाळीस कौलांच्या आठ ओळी, दोन उतारांची मिळून ६४०. एकेक ओतणं हा वेडेपणा आहे. मातीत किंवा प्लास्टिकमध्ये पाच बाय चार कौलांची एक पट्टी नीट घडवायची, तिचा सिलिकॉनचा साचा करायचा आणि त्यात बत्तीस पट्ट्या ओतायच्या. सहा-आठ जास्तच ओताव्यात, कोपरे तुटतात. प्रत्येक ओताच्या वेळी ऑक्साइड किंचित कमी-जास्त करा. सगळी कौलं एका रंगाची असली की छप्पर नवीन प्लास्टिकचं वाटतं. वळचण भिंतीच्या वीस मिलिमीटर बाहेर हवी, नाहीतर पागोळ्या थेट चिऱ्यांवरून उतरतात. छप्पर कायमचं चिकटवायचं नाही. दोन्ही त्रिकोणी भिंतींत एकेक स्टेनलेस स्क्रू, बस. आतली पाल, मुंग्यांचं वारूळ आणि जळलेला दिवा यांच्यापर्यंत पोचायला दुसरा रस्ता नाही.

मागच्या शेडचे पत्रे थंड पेयाच्या कॅनमधून होतात. खऱ्या नालीदार पत्र्याची लाट पंच्याहत्तर मिलिमीटरची, म्हणजे आपली चार. फळीवर दोन मिलिमीटरच्या तारा चार-चार मिलिमीटरवर ठोकायच्या, वर कॅनचा पत्रा ठेवून गोल टोकाच्या काडीने प्रत्येक खाचेत दाबत जायचं. १२८ बाय ४२ चा एक पत्रा. कॅनचा छापील रंग आणि आतला लेप दोन्ही घासून काढल्याशिवाय प्रायमर धरत नाही.

दिवे हवे असतील तर बारा व्होल्टचे पिवळसर एलईडी. २३० व्होल्टचा अडॅप्टर घरात, आरसीसीबीच्या, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या, मागे. बागेत फक्त बारा व्होल्ट न्यायचे.

[दृश्य : रुळामागे उभी राहणारी कड. खाली काळा दगड, वर तांबडा.]

भूदृश्याला आपल्याकडे एक तयार नमुना आहे आणि लोक तो सोडून कुठलेही गोलगोटे आणून रचतात. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक आडवे थर. म्हणून काळा बेसाल्ट लावताना प्रत्येक दगडाच्या रेषा आडव्या यायला हव्यात, दगडाचा एक तृतीयांश भाग मातीत हवा. उभा खोचलेला दगड लगेच खोटा दिसतो. माथेरानच्या डोक्यावर जांभ्याची टोपी आहे, तेव्हा वरच्या टोकाला चिऱ्याचे फुटके तुकडे आणि तांबडी माती. चढाचा मोह मात्र आवरावा. खरी गाडी वीसला एक असा चढ चढते. बागेतल्या वाफेच्या छोट्या इंजिनाला पन्नासला एक पुरे.

रुळांखाली क्रशरची कच, दोन ते पावणेपाच मिलिमीटरच्या चाळणीतली. कोनदार खडे एकमेकांत अडकतात. नदीची गोल वाळू पहिल्या सरीबरोबर नाल्यात.

परदेशी व्हिडिओंत दिसणारे बुटके स्प्रूस पुण्या-ठाण्याच्या उन्हात टिकत नाहीत. पान लहान असलेलं झाड शोधायचं : जेड, कामिनी, बोन्सायवाल्यांकडची सेरिसा. कुंड्यांत आपोआप उगवणारी ती बारीक पायलिया तण म्हणून उपटली जाते, इथे मात्र ती झुडूप म्हणून शोभते. अपवाद सागाचा. त्याचं पान खरोखरच फूट-दीड फुटाचं, त्यामुळे दोन सेंटिमीटरचं पान सागाला अगदी योग्य. झाडं इमारतीपासून हातभर लांब आणि कुंडीसकट गाडलेली, म्हणजे मुळं जोत्याखाली जात नाहीत.

पावसाळ्यात नेरळहून निघणारी गाडी बंद असते, अमन लॉज ते माथेरान एवढीच चालू राहते. बागेतही जूनमध्ये इंजिनं, बाहुल्या आणि पिवळी पाटी घरात आणावी. इमारत जागेवर राहू द्या. भिंतीवर शेवाळ धरलं तर ते तसंच ठेवा, असा जुनाट रंग विकत मिळत नाही. कौलांवरचं मात्र काढा, कारण ते ओल धरून पट्ट्यांचे सांधे उचलतं. ऑक्टोबरात छप्पर उघडून आतली भोकं तारेने मोकळी करायची, स्क्रू तपासायचे, खडीचा पट्टा धुऊन पुन्हा पसरायचा. आणि दर्जांमध्ये पिंपळाचं रोप शोधायचं. दोन पानांचं असेल तर चिमट्याने मुळासकट निघतं. त्याहून मोठं झालं असेल तर नुसतं ओढू नका, गिलाव्याचा तुकडा सोबत येतो. तेवढे चार चिरे फोडून मूळ काढायचं आणि त्याच प्रमाणाने पुन्हा भरायचं.