कॅटलॉग उजवीकडून वाचू नका

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. तर आज मला सांगितलंय की टपालाच्या तिकिटाची किंमत कॅटलॉगमधून कशी काढायची ते सांगा, आणि ते मी सांगणारच आहे, पण आधी एक गोष्ट. आपण सगळे कॅटलॉगचं पान उजवीकडून वाचतो. तिकडे पौंडाचे आकडे असतात ना, नजर तिथेच जाते. पण किंमत ओळीच्या शेवटी आहे ती उगाच नाही. आधी वर बारीक अक्षरात छपाई कुणाची, वॉटरमार्क, म्हणजे कागदातली पुसट खूण, कुठला, कडेची छिद्रं किती, मग नंबर, किती आण्याचं, रंग, आणि मग पैसे. तिकीट ओळखल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थच नाही.

माझी आत्या जेलरोडला राहते, पंच्याऐंशीची आहे आता. तिचे सासरे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, तिकिटं छापतात त्या. प्रेसचं इथे काय सांगायचं, अर्ध्या घरांत कोणी ना कोणी प्रेसला होतंच. त्यांचा अल्बम होता, मोठा, कापडी बांधणीचा. काही वर्षांपूर्वी एक खरेदीदार घरी आला, कॅटलॉग उघडला, इंग्रज राजा पंचम जॉर्जच्या तिकिटांच्या पहिल्या यादीतल्या सगळ्यात छोट्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आजी, सगळी हीच आहेत." आणि अख्खा अल्बम उक्ता घेऊन गेला. पैसे कमी दिले त्याचा राग आहेच, पण मला जास्त लागलं ते हे की त्याने एकही तिकीट उलटं करून बघितलं नाही!

मी गेलो तेव्हा एका जुन्या पाकिटात चार उरली होती. एक आण्याची, चॉकलेटी, राजाचं डोकं, चारही अगदी सारखी. मी काळा ट्रे काढला, तिकीट पालथं ठेवलं, वर लायटर फ्लुइडचे दोन थेंब (पंखा बंद, गॅस बंद, देवापुढचं निरांजनसुद्धा विझवलेलं, हे विसरू नका). कागद भिजला आणि मधोमध एकच मोठा तारा वर आला, काही सेकंदात गेलासुद्धा. दुसरं ठेवलं, तर छोटे छोटे तारे, सगळ्या कागदभर. तिसरं तसंच, चौथं तसंच. आता हे कॅटलॉगमध्ये दोन वेगळ्या याद्यांत आहे. एक तारा म्हणजे लंडनची, डी ला रू कंपनीची छपाई. कागदभर तारे म्हणजे १९२६ पासूनची, आपल्या नाशिकरोडची. चित्र तेच, रंग तोच, नंबर वेगळा. आत्या चष्मा लावून कितीतरी वेळ बघत होती, मग म्हणाली, "म्हणजे ही तीन मामंजींच्या तिथली?" ती तीन आता तिच्या देव्हाऱ्याच्या खणात आहेत आणि मी ती कधी विकू देणार नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं म्हणतायत. भराभर सांगतो. गिबन्समध्ये, म्हणजे आपल्या या पौंडवाल्या इंग्लिश कॅटलॉगमध्ये, किमतीचा डावा रकाना न वापरलेल्या तिकिटाचा, उजवा शिक्का पडलेल्याचा. आकडा असतो तो चांगल्या अवस्थेतल्या तिकिटाचा, दुकानदार विकतो तो, तो तुमच्याकडून तेवढ्याला घेणार नाही, त्यामुळे बेरीज करून मी लखपती झालो असं घरी सांगू नका. कडेचा दात तुटला, कागद पातळ झाला, घडी पडली की किंमत धाडकन खाली येते. सगळ्यात छोटा आकडा तर तिकिटाचा नसतोच, ते शोधून पाकिटात घालून द्यायच्या कष्टाचा असतो. छिद्रं मोजायची ती दोन सेंटीमीटरमध्ये किती, पूर्ण कडेला किती ते नाही. नंबर सांगताना कॅटलॉगचं नाव सांगा, गिबन्सचा, स्कॉटचा आणि मिशेलचा नंबर एक नसतो. आणि १९४८ चं गांधीजींचं दहा रुपयांचं कोणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका, नकली फार फिरतात, तज्ज्ञाचं प्रमाणपत्र मागा.

झालं. ट्रे आणलाय मी. ज्यांनी पंचम जॉर्ज आणलेत त्यांनी पुढे या, आणि कोणीतरी तो पंखा बंद करा.