उन्हाळ्याची वैरण गणपतीतच दाबून ठेवा

राम राम मंडळी. धारा उरकून रेडिओ लावला असेल तर बरंच झालं, विषय गोठ्यातलाच आहे. वैरण. आता तुम्ही म्हणाल, ऐन गणपतीत कसलं वैरणीचं रडगाणं, बांधाला गवत आहे, मका उभा आहे, जनावरं पोटभर खातायत. अहो म्हणूनच आत्ता बोलतोय, एप्रिलमध्ये वैरणीवर बोलून काय उपयोग नाय, तेव्हा नुसते पैसे मोजायचे.

आपल्या माणदेशाला हे नवीन थोडंच आहे, 2012-13 ला दुष्काळात जनावरांच्या चारा छावण्या लागल्या, परत 2018-19 ला लागल्या, घरदार सोडून माणसं जनावरांजवळ राहिली. पण साध्या वर्षी सुद्धा दोन गाईवाल्याचं गणित होळीनंतर फिसकटतंच. पूर्वी शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, घरचा असायचा, ज्वारीबरोबर कडबा, म्हणजे तिची वाळलेली ताटं, आपोआप पडायचा. आता शाळू उपटायला अन् कणसं मोडायला माणसं मिळेनात म्हणून कितीतरी जण कांद्याकडं, मक्याकडं वळले, आणि कडबा शंभर पेंढ्यांच्या भावानं विकत घ्यायची पाळी आली. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, स्वस्तात मिळतं खरं, पण नुसत्या वाढ्यावर गाय ठेवू नका, त्यातलं ऑक्झॅलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं, गाय आतून खंगते अन् दूध कशानं तुटलं ते आपल्याला कळत नाही. वाढं द्या, पण कडब्यात मिसळून, वर खनिज मिश्रण.

तर मुरघास, म्हणजे हिरव्या मक्याची कुट्टी (बारीक तुकडे) करून हवाबंद दाबून मुरवलेली वैरण. मोठ्या डेअरीवाल्यांचं काम आहे असं मलाही वाटायचं. हिशोब करून बघा ना. दोन गाई, रोज पंधरा-पंधरा किलो, फेब्रुवारी ते मे चार महिने, झाले 3600 किलो. एका घनफुटात साधारण 15 किलो मुरघास बसतो, म्हणजे 10 फूट लांब, 6 फूट रुंद अन् 4 फूट खोल एवढाच खड्डा, आणि मका लागतो दहा-बारा गुंठे. खड्डा नको तर पिशव्या आहेतच.

मका कधी कापायचा हे मात्र चुकवू नका. दाणा नखानं दाबला की चीक यायला पाहिजे पण पाण्यासारखा नको, घट्टसर. कुट्टी मुठीत आवळून सोडली तर हाताला ओल लागावी, पाणी गळता कामा नये. पाणी गळत असेल तर एक दिवस सुकू द्या, नाहीतर आंबून घाण वास मारतो. कुट्टी बोटाच्या पेरापेक्षा मोठी नको, थर टाकायचा, तुडवायचं, परत थर, परत तुडवायचं, हवा राहिली की बुरशी आलीच. घरातली सगळी पोरं त्यात उतरवा, त्यांनाही मजा. एकदा बंद केलं की 45 दिवस हात लावायचा नाही.

माझी पहिल्या वर्षीची फजिती सांगतो. दहा पिशव्या भरल्या, तोंडं मस्त आवळली अन् ठेवल्या कुठं तर धान्याच्या खोलीला लागून. उंदरांनी तीन पिशव्या कुरतडल्या, भोकातून हवा गेली, आत पांढरी बुरशी. बायको म्हणाली वरचं काढून खालचं घाला, पण गोठ्यात एक गाभण होती, तिन्ही पिशव्या उकिरड्यावर टाकल्या. बुरशीचा मुरघास कुठल्याच जनावराला नको, गाभणीला तर अजिबात नाही. तेव्हापासून पिशव्या पत्र्याच्या शेडमध्ये फळ्यांवर, आठवड्याला बॅटरी घेऊन एक चक्कर, भोक दिसलं की लगेच चिकटपट्टी.

पाणी असेल त्यांनी बांधाकडंला नेपियर गवत लावा, राहुरी कृषी विद्यापीठाचा फुले जयवंत वाण चांगला येतो. दोन डोळ्यांची कांडी, पहिली कापणी अडीच महिन्यांत, पुढं दीड-पावणेदोन महिन्यांनी. पाणी-शेणखत नीट असेल तर गुंठ्याला वर्षाकाठी टनभर निघतो, म्हणजे दहा गुंठ्यात एका गाईचं ओलं वर्षभर भागतं. पाच गुंठ्यात पाच गाई सांगणारे व्हिडिओ फिरतायत, ते बघा अन् सोडून द्या!

आणि कुट्टी मशीन. अख्खी पेंढी टाकली की गाय पाला खाते, ताटं पायाखाली, सकाळी चघळ गोळा करून आपण शेणात टाकतो, ती विकतची वैरण असते हो. एकट्याला मशीन परवडत नसेल तर भावकीतल्या चौघांत घ्या, भांडणं होतील, ती तशीही होतातच.

पिशवी उघडलीत की पहिल्याच दिवशी पंधरा किलो घालू नका. दोन-तीन किलोपासून चढवत जा, आठवडा लागतो. आमची काळी गाय पहिले दोन दिवस नुसती हुंगून तोंड फिरवायची, तिसऱ्या दिवशी पाटी खाली ठेवायच्या आत तिनं तोंड घातलं.