१९७४ : आणीबाणीच्या सावलीत गेलेलं वर्ष

मित्रहो, १९७४ बद्दल बोलायला बसलं की गाडी दहा मिनिटांत १९७५ वर जाते. जयप्रकाशांचं आंदोलन, मग अलाहाबादचा निकाल, मग २५ जूनची रात्र. सगळं वर्ष आपण आणीबाणीची प्रस्तावना म्हणून वाचतो. हे त्या वर्षावर अन्याय करणारं आहे, असं मला मनापासून वाटतं. १९७४ मध्ये ज्यांनी काही केलं, त्यांना पुढच्या वर्षी काय होणार हे ठाऊक नव्हतं. ती माणसं त्या दिवसाच्या प्रश्नाशी झुंजत होती, आणि त्यांतल्या बहुतेकांकडे ना पद होतं ना सत्ता.

तो दिवसाचा प्रश्न म्हणजे महागाई. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्र नुकता सावरत होता. त्यात १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत पिंपामागे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेला. वर्षाच्या मध्याला घाऊक किमती आदल्या वर्षीपेक्षा पंचवीस टक्क्यांहून जास्त चढल्या होत्या. अर्थमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. जुलैत सरकारनं वटहुकूम काढला : नवी पगारवाढ सगळीच्या सगळी आणि वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत. म्हणजे भाव चढले म्हणून जो भत्ता वाढला, त्यातलाही अर्धाच हातात. याच वर्षी फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहीर खोदणाऱ्या फलाटाला मुंबईजवळच्या बॉम्बे हायमध्ये तेल लागलं. पण ते तेल बाहेर यायला १९७६ उजाडलं.

अहमदाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं मेसचं बिल वाढलं, त्यातून गुजरातचं नवनिर्माण आंदोलन उभं राहिलं आणि ९ फेब्रुवारीला मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. मग बिहार, मग ५ जूनला पाटण्याच्या गांधी मैदानावर ‘संपूर्ण क्रांती’ची हाक. हा भाग आपल्याला पाठ आहे, म्हणून मी इथे थांबत नाही. मुंबईतल्या जानेवारीचा उल्लेख मात्र करायलाच हवा. पोटनिवडणुकीच्या तोंडावर वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल झाली. १० जानेवारीला दलित पँथरच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण वरून टाकलेल्या दगडानं मारला गेला. देशाच्या इतिहासात १९७४ ची यादी करताना हे नाव गाळलं जातं. ते गाळू नये.

आता रेल्वेच्या संपाकडे येऊ. ८ मे. अखिल भारतीय पातळीवर सतरा लाखांच्या आसपास कामगारांचं खातं, आणि नेतृत्व जॉर्ज फर्नांडिस यांचं. सरकारनं त्यांना संपाआधीच, २ मेच्या पहाटे लखनौला अटक केली होती. मागण्या काय होत्या? बोनस, सार्वजनिक उद्योगांतल्या कामगारांइतकं वेतन, आणि रनिंग स्टाफसाठी, म्हणजे गाडीवरच्या ड्रायव्हर-फायरमनसाठी, आठ तासांची ड्युटी. या शेवटच्या मागणीकडे नीट बघा. वाफेच्या इंजिनाच्या फूटप्लेटवर पुढे भट्टीची धग आणि अंगाला बाहेरचा वारा, तिथे फायरमन उभ्यानं फावड्यानं कोळसा टाकतो. मालगाडी बाजूला घालून मेलला वाट दिली की तो तिथेच ताटकळतो, कधी बारा-चौदा तास. त्याला हवे होते आठ तास, जे गिरणी कामगाराला कायद्यानं केव्हाच मिळालेले होते. ही मागणी देशद्रोही कशी ठरते, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

हजारोंना ‘मिसा’ या विनाखटला डांबण्याच्या कायद्याखाली आणि भारत संरक्षण नियमांखाली आत टाकलं. रेल्वे कॉलन्यांतून बायकापोरांना क्वार्टर्सबाहेर काढलं. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी : आपल्याकडची ही सगळी रेल्वेची गावं. त्या मे महिन्यात तिथल्या घरांमध्ये काय झालं, ते सांगू शकणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. कुणीतरी रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जायला हवं, आणि लवकर.

संपाचा अकरावा दिवस होता १८ मे. त्या दिवशी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी पोखरणला अणुस्फोट झाला. पंच्याहत्तरच्या आसपास शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांनी ते गुपित राखलं होतं. प्लुटोनियम आपल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) सायरस अणुभट्टीतलं. ती अणुभट्टी कॅनडाच्या मदतीनं उभी राहिलेली, म्हणून कॅनडानं लगेच सहकार्य थांबवलं. हा स्फोट घडवणाऱ्या राजा रामण्णा आणि होमी सेठना यांच्या कामाबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण संपाची बातमी त्या दिवसापासून मागे पडली, हेही तितकंच खरं. २७ मेला संप मागे घेतला गेला. बोनस मिळाला तो १९७९ मध्ये.

मार्चमध्ये, हिमालयात चमोली जिल्ह्यात रेणी नावाच्या गावी काय घडलं? जंगलातली अडीच हजारांच्या आसपास झाडं लिलावात गेली होती. २६ मार्चला गावातले पुरुष जिल्ह्याच्या ठिकाणी गेले होते, कारण १९६२ च्या युद्धानंतर लष्करानं घेतलेल्या जमिनीची भरपाई नेमकी त्याच दिवशी मिळणार होती. ठेकेदाराची माणसं गावात शिरली. गौरा देवी सत्तावीस बायका-मुली घेऊन जंगलात गेल्या आणि झाडांच्या आड उभ्या राहिल्या. हे जंगल आमचं माहेर आहे, असं त्यांचं म्हणणं. १९७० चा अलकनंदेचा पूर त्यांनी पाहिलेला होता. डोंगर उघडा पडला की पाणी कुठून येतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सरकारनं समिती नेमली आणि पुढे त्या भागात दहा वर्षं तोडबंदी झाली.

आणि देवी. त्या वर्षी भारतात देवीच्या रोगाचे १,८८,००० रुग्ण नोंदले गेले, सर्वांत जास्त बिहारमध्ये. तिथे आंदोलन, रेल्वेचा संप आणि साथ, तिन्ही एकाच वेळी. आरोग्य कर्मचारी घराघरांत फिरत. हातात एक कार्ड, त्यावर फोड आलेल्या मुलाचा फोटो : असं कुणी पाहिलंय का? रुग्ण सापडला की घरावर पहारा आणि आसपासच्या प्रत्येकाला लस. दुतोंडी सुई लशीत बुडवायची, तिच्या दोन टोकांत एक थेंब अडकतो, आणि दंडावर झपाझप पंधरा वेळा टोचायची. शोध जसा नीट होऊ लागला तसे आकडे फुगले. बिहारचे आरोग्यमंत्री घाबरले, ‘सरसकट सगळ्यांनाच टोचा’ म्हणाले. बैठकीत एक भारतीय डॉक्टर उठून बोलला : गावात आग लागली तर जळत्या घरावर पाणी ओततात, सगळ्या घरांवर नाही. मंत्र्यांनी एक महिन्याची मुदत दिली. त्या महिन्यात आकडे उतरायला लागले.

वर्ष संपेपर्यंत बिहारमधली साथ आटोक्यात येत होती. देशात लागण झालेला शेवटचा रुग्ण १७ मे १९७५ रोजी बिहारमध्येच, कटिहार जिल्ह्यात सापडला.