लिंकन आडनावाचा माग

नमस्कार, श्रोतेहो.

अब्राहम लिंकन म्हटलं की मराठी माणसाला आधी आठवतं ते हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र. कितीतरी शाळांच्या भिंतींवर ते आजही फ्रेम करून लावलेलं दिसेल. मजकूर सुरेखच आहे, पण लिंकनच्या कागदपत्रांत असं पत्र कुठेही नाही. आज मी बोलणार आहे ते जे कागद खरोखर आहेत त्यांच्याबद्दल. लिंकन हे आडनाव पिढ्यान्‌पिढ्या कसं हललं, हे अमेरिकेतल्या काउंटी कचेऱ्यांच्या जुन्या दप्तरांतून कसं उलगडलं, त्याची ही गोष्ट. मोठी गमतीची आहे.

२० डिसेंबर १८५९. राष्ट्राध्यक्षपदाची चर्चा सुरू झाली होती आणि जेसी फेल नावाच्या मित्राने लिंकनकडे त्याची माहिती मागितली. लिंकनने थोडक्यात लिहून दिली. घराण्याबद्दल त्याला एवढंच सांगता आलं: आजोबा व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत आले, त्यांचे पूर्वज क्वेकर पंथाचे, ते पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीतून व्हर्जिनियात आले होते, न्यू इंग्लंडमधल्या लिंकनांशी नातं लावायचा प्रयत्न झाला, पण मॉर्डेकाई, सॉलोमन, अब्राहम अशी नावं दोन्हीकडे आढळतात यापलीकडे काही हाती लागलं नाही. हा प्रयत्न त्याने स्वतःही केला होता. १८४८ साली काँग्रेसचा सभासद असताना मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगमच्या सॉलोमन लिंकनशी त्याचा पत्रव्यवहार झाला होता. म्हणजे बघा, वकील माणूस, कोर्टकचेऱ्यांत आयुष्य गेलेलं, आणि स्वतःच्या घराण्याचा माग मात्र पणजोबांच्या आसपासच हरवलेला.

असं का झालं? त्यासाठी काउंटी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. हिशेबाला आपला जिल्हा म्हणा, पण आकाराने बहुधा तालुक्याच्या जवळ जाणारा. खरेदीखत, मृत्युपत्र, लग्नाची नोंद, कराची यादी, दावे-फिर्यादी, सगळं तिथल्या कोर्टहाऊसमध्ये, बहुतेक एकाच क्लार्कच्या ताब्यात. गोम अशी की वस्ती वाढली की काउंटी फुटायची. केंटकीत १७८० साली तीन काउंट्या होत्या, आज १२० आहेत. आणि नवी काउंटी निघाली तरी जुन्या वह्या जुन्याच कचेरीत राहायच्या. पालघर २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या आधीचा कागद शोधणाऱ्याला ठाण्याचं दप्तर विसरून चालत नाही, तसंच हे. म्हणून या शोधात नुसतं आडनाव धरून चालणारा माणूस हमखास चुकतो. त्या वर्षी ती जमीन कोणत्या कचेरीच्या हद्दीत होती, हे आधी पाहावं लागतं.

बर्क्स काउंटीचंच घ्या. लिंकनचे खापरपणजोबा मॉर्डेकाई तिथे राहत होते, त्यांचं १७३३ सालचं दगडी घर आजही उभं आहे. पण ते वारले १७३६ साली आणि बर्क्स काउंटी जन्मली १७५२ साली. बर्क्सच्या कचेरीत त्यांचं मृत्युपत्र सापडेल कसं? ते होतं फिलाडेल्फियात. त्या मृत्युपत्रात थोरला मुलगा जॉन याला न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन दिलेली आहे. पेनसिल्व्हेनियातल्या माणसाची जमीन न्यू जर्सीत कशी, असा प्रश्न पडला की वाट आपोआप मागे वळते: न्यू जर्सीतली खरेदीखतं, तिथून मॅसॅच्युसेट्समधला मॉर्डेकाईचा बाप, तोही मॉर्डेकाईच, भट्टीत लोखंड गाळणारा, आणि त्याचा बाप सॅम्युएल लिंकन. हा सॅम्युएल १६३७ साली इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यातून विणकराचा उमेदवार म्हणून समुद्र ओलांडून आलेला पोरगा. न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी जे नातं राष्ट्राध्यक्षाला लावता आलं नाही, ते असं जमिनीच्या कागदाने लागलं. ही न्यू जर्सीतली जमीन होती मिडलसेक्स काउंटीत. आमचे एडिसनला स्थायिक झालेले श्रोते इंटरनेटवरून ऐकत असतील तर त्यांनी कान टवकारावेत, त्यांच्या घराची कागदपत्रं त्याच काउंटीत नोंदलेली आहेत.

हिंगममध्ये तर आणखी पंचाईत. सुरुवातीच्या वसाहतीत तिथे थॉमस लिंकन नावाचे एक नाही, चार जण होते. गावाने त्यांना धंद्यावरून ओळखलं: पिंपं बनवणारा थॉमस, गिरणीवाला थॉमस, शेतकरी थॉमस आणि विणकर थॉमस. यातला विणकर तो सॅम्युएलचा भाऊ. केंटकीत लिंकन नावाची काउंटीसुद्धा आहे, पण ती आपल्या लिंकनच्या जन्माआधीची, बेंजामिन लिंकन या सेनापतीच्या नावाची, आणि तो पिंपवाल्या थॉमसच्या वंशातला. आडनाव जुळलं म्हणून कुळ जुळत नाही, ते असं.

आता या साऱ्यातली सगळ्यात नाट्यमय गोष्ट सांगतो, लिंकनच्या आईवडिलांच्या लग्नाची.

लिंकन राजकारणात वर आला तशी विरोधकांनी कुजबुज सुरू केली, की याच्या आईबापांचं लग्नच झालं नव्हतं. वडील थॉमस लिंकन राहायचे हार्डिन काउंटीत. तिथल्या एलिझाबेथटाऊनच्या कचेरीत लोकांनी वह्या चाळल्या. थॉमस लिंकनचं लग्न सापडलं खरं, पण ते डिसेंबर १८१९ चं, सेरा बुश जॉन्स्टन या विधवेशी. तेव्हा अब्राहम दहा वर्षांचा होता! सॅम्युएल हेक्राफ्ट नावाचे गृहस्थ त्या कचेरीत वर्षानुवर्षं क्लार्क होते. त्यांनी ही नोंद पाहून सेराच लिंकनची आई असं धरलं आणि १८६० साली लिंकनला तसं कळवलं. लिंकनने मे महिन्यात उलट टपाली लिहिलं, की ती माझ्या वडिलांची दुसरी बायको. माझी आई नॅन्सी हँक्स. पण नॅन्सीच्या लग्नाचा कागद कुठे, तर कुठेच नाही. १८६५ साली लिंकनचा खून झाला आणि कुजबुज तशीच राहिली.

कागद सापडला १८७८ साली, शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत. तिथले क्लार्क डब्ल्यू. एफ. बुकर यांनी तो शोधून काढला. नॅन्सी ही बेरी नावाच्या कुटुंबाबरोबर त्या काउंटीत राहत होती, आणि लग्नाचा परवाना निघायचा तो नवरीच्या काउंटीतून. लग्न मुलीच्या दारी होतं हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. इतकी माणसं मात्र नवऱ्याच्या गावचं दप्तर उपसत बसली होती.

कागद आहे १० जून १८०६ चा, आणि तो हमीपत्राचा आहे. त्या काळी लग्नाआधी नवरा आणि आणखी एक जामीन मिळून लिहून द्यायचे, की या लग्नाला कायद्याची कसली आडकाठी नाही, निघाली तर आम्ही पन्नास पौंड भरू. पैसे आधी भरायचे नसत, लग्न बिनघोर झालं की हमी रद्द. खाली सही थॉमस लिंकनची, त्याच्या स्वतःच्या हातची, आणि जामीन रिचर्ड बेरी. हमीपत्राने लग्न ठरलं एवढंच सिद्ध होतं, लागलं हे नाही. पण जेसी हेड या मेथडिस्ट पाद्र्याने आपण लावलेल्या लग्नांची यादी कचेरीत दाखल केली होती आणि त्या यादीत हे जोडपं आहे, तारीख १२ जून १८०६. थोरली मुलगी जन्मली ती पुढच्या फेब्रुवारीत. तोंडं बंद झाली.

आता आजोबांकडे वळू. त्यांचंही नाव अब्राहम. केंटकीतल्या जेफरसन काउंटीत १७८५ साली त्यांच्या नावे ४०० एकरांची मोजणी झाली, आणि मोजणीच्या कागदावर आडनाव पडलं 'लिंकहॉर्न'. लिहिणाऱ्याने ऐकलं तसं उतरवलं. न्यू जर्सीतल्या एका तीन वर्षांच्या पोरीच्या थडग्यावर 'लिंकॉन' आहे. त्यामुळे सूचीत फक्त शुद्ध 'लिंकन' शोधणारा रिकाम्या हाताने परत येतो.

हे आजोबा मे १७८६ मध्ये शेतात काम करताना तिथल्या एका मूळ रहिवाशाच्या गोळीने मारले गेले. त्यांच्या घरातल्या वस्तूंची यादी नेल्सन काउंटीच्या कोर्टात दाखल आहे आणि ती वाचताना त्या घरात शिरल्यासारखं वाटतं. दोन घोडे, तांबडी गाय आणि वासरू, नांगर, खुरपणीची तीन अवजारं, जवसाचं सूत काढायचा चरखा, कथलाच्या डझनभर थाळ्या, तीन बंदुका, एक कुऱ्हाड, आणि तीन गाद्या, त्यातली एक टर्कीच्या पिसांची. किंमत धरली ६८ पौंड १६ शिलिंग ६ पेन्स.

या यादीत जमीन नाही. जमीन होती पुष्कळ, पण ती गेली थोरल्या मुलाकडे, मॉर्डेकाईकडे. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग आणि व्हर्जिनियात मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्याची. हा कायदा रद्द व्हायचा ठराव आधीच झाला होता आणि १ जानेवारी १७८७ पासून तो लागू व्हायचा होता. बाप आणखी सात-आठ महिने जगता तर धाकट्या थॉमसला वाटा मिळाला असता. लिंकनचं बालपण हलाखीत गेलं असं आपण म्हणतो, आणि बाप आळशी होता असं म्हणून मोकळे होतो. माझ्या मते त्या बापावर हा अन्यायच आहे. करवसुलीच्या वह्यांत थॉमसचे घोडे आणि जमीन नियमित नोंदलेली आहे.

त्याला खरं नडलं ते जमिनीच्या कागदांनी. त्याने १८०३ साली पहिलं शेत घेतलं २३८ एकर, विकताना भरलं २०० एकर. दुसऱ्या शेतावर १८०९ साली अब्राहम जन्मला. तेही मालकीच्या वादात गेलं. तिसऱ्यावर १८१५ साली बेदखलीचा दावा लागला. केंटकीत जमिनीची चतुःसीमा झाडं आणि ओढे यांवर बेतलेली. जन्मशेताच्या मोजणीची सुरुवातच अशी आहे: झऱ्याच्या वरच्या अंगाला तेरा पोलांवर, म्हणजे साधारण दोनशे पंधरा फुटांवर, एक मोठा पांढरा ओक आहे, तिथून. हा ओक १९७६ पर्यंत जिवंत होता. पण सगळीच झाडं एवढी इमानी नसतात, आणि एकाच रानावर दोघातिघांचे दाखले निघायचे. १८१६ मध्ये थॉमस कंटाळून इंडियानात गेला. तिथे सरकारने आधीच चौकोन आखून जमीन मोजलेली होती. लिंकनने पुढे लिहिलंय, की केंटकी सोडण्याचं कारण काही अंशी गुलामगिरी, पण मुख्य कारण जमिनीच्या मालकीची भानगड.

जाता जाता एक सांगतो. रॉकिंगहॅम काउंटीची जुनी दप्तरं यादवी युद्धात लपवण्यासाठी गाडीत घालून बाहेर काढली होती. जून १८६४ मध्ये उत्तरेच्या फौजेने ती गाडी गाठली आणि पेटवून दिली. काही वह्या अर्धवट जळालेल्या वाचल्या. उत्तरेची फौज म्हणजे लिंकनचीच. आपल्या वाडवडिलांच्या काउंटीचे कागद आपल्याच शिपायांनी जाळले, असा हा योग.

आईकडची बाजू मात्र फार अवघड. नेल्सन काउंटीत जोसेफ हँक्स नावाच्या माणसाचं १७९३ सालचं मृत्युपत्र आहे. प्रत्येक मुलाला एक घोडा, प्रत्येक मुलीला एक कालवड, आणि जनावरं नावानिशी. एलिझाबेथला 'जंटल', पॉलीला 'लेडी' आणि नॅन्सीला 'पीडी'. नॅन्सी हँक्स! संशोधकांनी पटकन ठरवून टाकलं, की हीच लिंकनची आई. प्रत्यक्षात ही लिंकनच्या आईची मावशी. आई ती लूसी हँक्सची मुलगी, आणि लूसीचं नाव त्या मृत्युपत्रात नाहीच. ते सापडतं मर्सर काउंटीत: एप्रिल १७९० मध्ये हेन्री स्पॅरोशी लग्न करताना लूसीने स्वतः लिहून दिलंय, की मी सज्ञान आहे आणि हेन्रीने परवाना काढायला माझी राजीखुशी आहे. लिहिणं अशुद्ध, पण लिहिता येत होतं. लूसी ही त्याच जोसेफची मुलगी, याला २०१५ साली डीएनए चाचणीने दुजोरा दिला. ती चाचणी आईकडून लेकीकडे येणाऱ्या वारशाची, म्हणून नॅन्सीचा बाप कोण हे तिला सांगता येत नाही. आजवर कुठल्या काउंटीच्या वहीतही ते नाव मिळालेलं नाही.

यातल्या पुष्कळ वह्यांच्या प्रती आता फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. हार्डिन काउंटीपासून सुरुवात करा, आणि शेजारच्या काउंट्यांचा जुना नकाशा हाताशी ठेवा.

नमस्कार.