फोन ठणठणीत, अपडेट बंद

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल.’ फोन हँग होत असो, सारखा बंद पडत असो, वाक्य ठरलेलं. दोन वर्षांपूर्वी आईचा फोन घेऊन मी आमच्या गल्लीतल्या दुकानात गेले, तेव्हा मीही हेच ऐकायच्या तयारीने गेले होते. काचेवर ओरखडा नाही, बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते, कॅमेरा स्वच्छ. तक्रार एकच होती. बँकेचं ॲप उघडलं की ‘हे उपकरण आता चालणार नाही’ असा निरोप यायचा आणि ॲप बंद व्हायचं. त्या मुलाने पाच मिनिटं फोन बघितला, सेटिंग्जमध्ये गेला आणि आईला म्हणाला, “काकू, मारायला सॉफ्टवेअरच नाही. कंपनीने याचं पुढचं काढलंच नाही.” त्याने पैसेही घेतले नाहीत.

पेन्शन जमा झाली का, एवढं बघायला आई तो फोन वापरायची. वस्तू धडधाकट आणि तरी निकामी, हे तिला पटेना. मिक्सर जळतो तेव्हा वास येतो, सायकलची चेन तुटते तेव्हा आवाज होतो. इथे काहीच तुटलं नव्हतं. आज मला बोलायचंय ते यावरच. फोनचं आयुष्य त्याच्या काचेवर आणि बॅटरीवर जितकं अवलंबून असतं, तितकंच तो विकून झाल्यावर त्याच्या सॉफ्टवेअरची देखभाल कोण, किती दिवस आणि किती निगुतीने करतं यावर असतं.

देखभाल म्हटलं की लोकांना वाटतं, नवीन इमोजी, नवीन वॉलपेपर. तर आपल्या भाषेपासूनच सुरुवात करू. 2010-11च्या सुमारास ज्यांनी अँड्रॉइड फोन घेतले, त्यांना आठवत असेल, मराठी मजकूर आला की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसायचे. पुढे अक्षरं दिसू लागली, पण वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं फुटलेली. हे दुरुस्त झालं ते हळूहळू, एकेका आवृत्तीत. फोनचा सगळा कारभार मराठीत करण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आली ती 5.0 या आवृत्तीत, 2014च्या शेवटी. मराठीबरोबर तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, बंगाली आणि नेपाळीही त्याच आवृत्तीत आल्या. आता विचार करा, त्या वर्षी ज्यांच्या हातात 4.4चा फोन होता आणि ज्यांच्या कंपनीने पुढची आवृत्ती दिली नाही, त्यांच्या फोनमध्ये मराठी मेनू कधीच आला नाही. यंत्र तेच, ताकद तीच, पण एकाचा फोन मराठी शिकला आणि दुसऱ्याचा नाही.

अपडेट का येत नाही? कंपनी आळशी किंवा लोभी आहे म्हणून, असं उत्तर सोपं आहे आणि काही वेळा खरंही. पण वाट खरोखर लांब आहे. गूगल अँड्रॉइडची नवी आवृत्ती प्रसिद्ध करतं. ती फोनमधल्या चिपशी बोलू शकेल असे ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीने द्यावे लागतात. मग फोन कंपनी त्यावर आपला साज चढवते, चाचण्या करते आणि तुमच्यापर्यंत पाठवते. मधल्या माणसाने, म्हणजे चिपवाल्याने, ‘ही चिप आता जुनी झाली’ म्हणून हात वर केले, की पुढचं सगळं अडतं.

फेअरफोन नावाची नेदरलँड्समधली एक छोटी कंपनी आहे. तिने 2015च्या अखेरीस फेअरफोन 2 आणला, क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन 801 या चिपवर. अँड्रॉइड 6नंतर त्या चिपला क्वालकॉमचा पाठिंबा नव्हता. मोठमोठ्या कंपन्यांनी त्या चिपचे फोन तिथेच सोडून दिले. फेअरफोनच्या माणसांनी मात्र अँड्रॉइड 7 स्वतः त्यावर बसवलं, 2021 साली अँड्रॉइड 9 बसवलं, पुढे 10ही. प्रत्येक वेळी गूगलच्या लाखो चाचण्यांतून तो फोन पार करावा लागला. 2015चा फोन 2023पर्यंत त्यांनी सांभाळला. ज्यांच्याकडे पैसा आणि माणसं यांच्या कितीतरी पट होती, त्यांना हे जमत नव्हतं असं मी मानत नाही. त्यांना ते करायचं नव्हतं.

गूगलनेही 2017 साली, अँड्रॉइड 8मध्ये, ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ या नावाने आतली रचना बदलली. चिपशी बोलणारा भाग वेगळा आणि वरची व्यवस्था वेगळी. म्हणजे वरचा मजला बदलताना पाया उकरावा लागू नये. मग अँड्रॉइड 10पासून काही भाग थेट प्ले स्टोअरमार्फत दुरुस्त होऊ लागले, फोन कंपनीची वाट न बघता. आज जी लांब मुदतीची आश्वासनं ऐकू येतात, त्यांच्यामागे ही कामं आहेत.

आता सुरक्षेबद्दल थोडं. 2015च्या जुलैमध्ये ‘स्टेजफ्राइट’ हे प्रकरण बाहेर आलं. व्हिडिओ वाचणाऱ्या अँड्रॉइडच्या एका भागात चूक होती. तुमच्या नंबरवर मुद्दाम बिघडवलेला एक एमएमएस पाठवला की तो तुम्ही न उघडताही फोनमध्ये शिरकाव करता येण्यासारखा होता. जवळपास 95 कोटी फोन धोक्यात असल्याचा अंदाज तेव्हा वर्तवला गेला. त्या धक्क्यानंतर, त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून, दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या प्रसिद्ध करण्याची पद्धत पडली. तुमच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात सुरक्षा अपडेटची जी तारीख दिसते, ती तिथून आली. आत्ता फोन काढून बघा, मी थांबते.

(सभागृहातून उत्तरं येतात. तिसऱ्या रांगेतल्या एका काकांची तारीख पाच वर्षांपूर्वीची निघते.)

काका, तुमचा फोन त्या तारखेनंतर सापडलेल्या चुकांच्या बाबतीत उघडा आहे. घाबरू नका, पण बँकेचं काम त्यावर करू नका.

नवी चूक सापडली नाही, तरी फोन जुना होतो. वेबसाइट खरी आहे की बनावट, हे फोन एका यादीवरून ठरवतो. कोणावर विश्वास ठेवायचा, त्यांची ती यादी, आणि त्यातल्या प्रत्येक प्रमाणपत्राला मुदत असते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था लाखो वेबसाइटना फुकट प्रमाणपत्रं देते. ती ज्या जुन्या प्रमाणपत्राच्या आधारावर उभी होती, ते 30 सप्टेंबर 2021 रोजी संपलं. संस्थेचं स्वतःचं नवं प्रमाणपत्र अँड्रॉइड 7.1.1च्या आधीच्या फोनांना माहीतच नव्हतं, आणि 2020च्या अखेरीस वापरातल्या अँड्रॉइड फोनांपैकी साधारण एक तृतीयांश असेच जुने होते. संस्थेने आधीच्या भागीदाराशी बोलून तीन वर्षांची खास सोय केली, म्हणून निभावलं. नाहीतर एका सकाळी त्या फोनांवर असंख्य पानं उघडणं बंद झालं असतं. ज्यांनी ते फोन विकले होते, त्यांनी यादी बदलून द्यायला हवी होती. ते काम तिसऱ्याच कोणीतरी निस्तरलं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, अपडेट येत राहिलं की झालं. नाही. नेक्सस 7 हा गूगलचा 2012चा टॅब्लेट घ्या. वर्षभरात तो रडतखडत चालू लागला. कारण आतल्या साठवणीत होतं. पुसलेल्या फाइलींच्या जागा खरोखर रिकाम्या झाल्या आहेत, हे साठवणीला कोणी सांगतच नव्हतं. 2013मध्ये अँड्रॉइड 4.3 आलं आणि टॅब्लेट मोकळा असताना हे काम आपोआप होऊ लागलं. त्याच टॅब्लेटमध्ये पुन्हा जीव आला. मग 2014च्या शेवटी 5.0 आलं, आणि त्याच टॅब्लेटवर बोट ठेवलं की काही क्षण काहीच घडेना, अशा तक्रारींचा पाऊस पडला. एकाच वस्तूला एका अपडेटने तारलं आणि दुसऱ्याने बुडवलं.

हे कसं होतं, ते मी आतून पाहिलंय. हिंजवडीत एका कंपनीत मी काही वर्षं फोनच्या सॉफ्टवेअरची चाचणी करायचे. टेबलावर पन्नास फोन ओळीने चार्जिंगला लावलेले असायचे, सगळे कोरे, नुकतेच खोक्यातून काढलेले. अपडेट त्यांच्यावर चालायचं आणि पास व्हायचं. मी हट्टाने दोन वर्षं वापरलेले आठ फोन मिळवले आणि लोकांच्या फोनमध्ये असतं तसंच सामान त्यात भरलं. सुप्रभातचे हजारो फोटो, लग्नाचे व्हिडिओ, साठवणीत जेमतेम दोन टक्के जागा. अपडेट टाकलं आणि एका फोनवर दुसऱ्याने कॉल केला. रिंग वाजली, पण पडदा काळाच. स्टॉपवॉच लावलं. पडदा उजळायला सव्वाचार सेकंद लागले. आठपैकी सहा फोनांवर तेच. मी तो अहवाल लिहिला, त्यावर बैठक झाली आणि अपडेट ठरलेल्या तारखेलाच गेलं. दुरुस्ती अडीच महिन्यांनी आली. तेवढ्या दिवसांत किती म्हाताऱ्या माणसांनी वाजणारा फोन हातात धरून काळ्या पडद्यावर बोटं घासली असतील, हे मला आजही डाचतं.

अपडेटने फोन मुद्दाम हळू करतात का, हा प्रश्न मला दर व्याख्यानात येतो. 2017चं ॲपलचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. बॅटरी जुनी झाली की एकदम जास्त वीज देऊ शकत नाही. प्रोसेसरने जोर लावला की व्होल्टेज पडतं आणि तीस टक्के चार्ज दाखवत असतानाच फोन बंद होतो. ॲपलने त्या वर्षी जानेवारीत अपडेटमधून अशा फोनांच्या प्रोसेसरला लगाम घातला. इंजिनिअर म्हणून मला तो उपाय योग्य वाटतो. फोन बंद पडण्यापेक्षा हळू चाललेला बरा. पण त्यांनी वापरणाऱ्याला ते स्पष्ट सांगितलं नाही. बॅटरी बदलून प्रश्न सुटत असताना लोक नवा फोन घेत राहिले. डिसेंबरमध्ये बोभाटा झाला तेव्हा कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलायचा दर 79 डॉलरवरून 29 डॉलर केला आणि पुढच्या अपडेटमध्ये बॅटरीची प्रकृती दाखवायला सुरुवात केली. फ्रान्सने 2020मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला. त्याआधी 2018मध्ये इटलीच्या नियामकाने ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला होता. जुन्या फोनांना न पेलणारं अपडेट त्यांच्यावर लादलं, असं त्याचं कारण होतं.

नीट काम केलेलंही सांगते. 2018च्या फेब्रुवारीत तेलुगू लिपीतलं एक जोडाक्षर, आपल्या ‘ज्ञा’चा भाऊ म्हणा, आयफोनवर संदेशात आलं की ॲप कोसळायचं आणि पुन्हा उघडायचंच नाही. 19 फेब्रुवारीला दुरुस्ती आली, म्हणजे बातमी पसरल्यावर आठवड्याभरात. आपल्या लिप्यांत अक्षरं एकमेकांच्या अंगाखांद्यावर बसतात, त्यांचं गणित अवघड आहे. त्यासाठी चाचणीच्या टेबलाशी ती लिपी लिहिणारं माणूस बसलेलं असावं लागतं.

आता गूगलने 2023मध्ये पिक्सेल 8पासून सात वर्षांचा शब्द दिलाय, 2024मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस24पासून तेवढाच. युरोपीय संघात 20 जून 2025पासून नियमच झाला की मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट उपलब्ध हवेत. आपल्याकडे असा कायदा यावा, असं मला मनापासून वाटतं. कारण सात वर्षांचा शब्द मुख्यतः महागड्या फोनांना मिळतो. दहा हजारांचा फोन घेणारी बाई तो सात वर्षं वापरायच्या हिशोबानेच घेते आणि तिलाच सगळ्यात कमी वर्षांची देखभाल मिळते.

शेवटी आलेल्या चिठ्ठ्यांपैकी एकीचं उत्तर देते. ‘सेकंडहँड घेऊ का?’ जरूर घ्या, पण वर्षं तुम्ही घेतल्या दिवसापासून मोजू नका. बहुतेक कंपन्यांची मुदत फोन बाजारात आला त्या दिवसापासून सुरू होते. पिक्सेल 8 ऑक्टोबर 2023मध्ये आला, म्हणजे त्याचे अपडेट ऑक्टोबर 2030ला संपतील, मग तो तुम्ही कधीही घ्या. आईला नवा फोन घेतला तेव्हा दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगत होता. आईने त्याला थांबवून विचारलं, “अपडेट कोणत्या साली संपतात?” त्याला सांगता येईना. त्याने कंपनीच्या माणसाला फोन लावला, मग त्या माणसाने आणखी कोणाला तरी लावला, आणि आम्ही अर्धा तास बाकावर बसून राहिलो. तारीख मिळाली. आईने ती बिलाच्या मागे दुकानदाराकडूनच लिहून घेतली.